उजवा शाफ्ट कोणी मागवला?

आधीच सांगतो, मी महाडला शाळेत विज्ञान शिकवतो. भुताखेतांचं, अंगात येण्याचं काही कानावर आलं की मी पुरावा मागतो. त्यामुळे लग्नकार्यात लोक माझ्या शेजारी बसायचं टाळतात... तरीही हे लिहितोय, कारण चार महिने डोकं खाजवूनही मला उत्तर सापडलेलं नाही.

आमची गाडी बाबांच्या वेळची, चारही चाकांनी ओढणारी. आईचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत आहे. शेवटचे तीन किलोमीटर लाल मातीचा असा चढ आहे की साधी गाडी अर्ध्यावर हात टेकते. आईचे गुडघे तर पायथ्यालाच टेकतात. म्हणजे ही गाडी आहे तोवर आईला माहेर आहे. आणि याच गाडीतून वळणावर कट-कट-कट असा आवाज यायला लागला.

आमचे मेकॅनिक नजीरभाई, त्यांचं गॅरेज दासगावच्या बाजूला हायवेलगत. त्यांनी गाडी गोल फिरवली, डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला – पुढचा डावा ड्राइव्हशाफ्ट गेला. म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा. डाव्या बाजूचं रबर फाटून ग्रीसही बाहेर उडालं होतं, म्हणजे पुरावाही होता. मी खूश. पण या मॉडेलचे पार्ट बंद झालेत. पुण्यात एका जुन्या पार्टवाल्याकडे एक डावा आणि एक उजवा शिल्लक होता. दोन्ही घ्यायचे तर गाडीच त्याला देऊन यावी लागली असती. बायकोनं बजावलं, एकच काय तो मागवा, त्यानं नाही भागलं तर गाडी भंगारात. मी कबूल झालो.

आईला हे कळलं तशी ती म्हणाली, आधी गावदेवीला कौल लावू. त्याच शनिवारी कटकटत वाडीवर गेलो. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावा शाफ्ट मागवू का? डावी पडली. उजवा मागवू का? उजवी पडली, तीही लगेच. मी गुरवाला पाण्याचा चिकटपणा आणि गुरुत्वाकर्षण समजावायला लागलो, तर आईनं मला चपला सांभाळायला बाहेर पाठवलं. वय वर्षे त्रेपन्न.

परत आल्यावर गाडी नजीरभाईंकडे सोडली. रविवारी सकाळी पुण्याला मेसेज टाकला – पुढचा डावा पाठवा. आईला मात्र सांगितलं, उजवा मागवलाय. खोटं बोलल्याची चुटपुट लागली, म्हणून दुपारी तिला रिक्षानं जवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडावर गुडघे शेकायला नेलं.

बुधवारी खोकं आलं. नजीरभाईंनी शाफ्ट बाहेर काढला, आडवा धरून बघितला.

"सर, हा उजव्या बाजूचा हाय."

माझं डोकंच फिरलं. पुण्याला फोन लावून शिक्षकाला शोभणार नाही असं बरंच बोललो. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "सर, रविवारी दुपारी तुमच्या घरनं आजींचा फोन आला होता ना. डावा नको, उजवा पाठव म्हणाल्या. मी म्हटलं सरांना विचारतो, तर म्हणाल्या, त्याला काय विचारतोस, तो ऐकत नाय."

किती वाजता? तीनच्या सुमारास. तीन वाजता आई माझ्यासमोर गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. तिचा मोबाइल घरी चार्जिंगला, आणि तिला फक्त आलेला फोन घेता येतो. पुणेवाल्याचा नंबर माझ्याशिवाय कुणाकडे नव्हता. बायको म्हणाल, तर ती गाडी भंगारात जायची वाटच बघत होती. कुठल्या नंबरवरून फोन आला ते पुणेवाल्याला सांगता आलं नाही, त्याच्याकडे दिवसभर फोन वाजत असतात.

इकडे नजीरभाईंनी, आलाच आहे तर बघू, म्हणून उजवी बाजू खोलली. शाफ्टच्या टोकाचा जुना जॉइंट हातात खुळखुळत आला. डावा साफ करून पाहिला तर ठणठणीत, नुसतं रबर गेलेलं. मग हात पुसत त्यांनी विचारलं, "सर, त्या फोनवाल्या बाई कुठल्या गॅरेजला होत्या?"

लोखंडातून आवाज कुठून कुठे जातो हे मी मुलांना शिकवतो, त्यामुळे नजीरभाईंचे कान कसे फसले ते समजू शकतं. फोनचं काही समजत नाही.

पुढच्या रविवारी आईला घेऊन वाडी चढलो. गाडी जराही वाजली नाही. अर्ध्या चढावर आई म्हणाली, "तुझे बाबाच चालवतायत असं वाटतं." थोडा वेळ मला पुढचा रस्ता नीट दिसेना. तिथेच मी खोटं बोलल्याचं कबूल करून टाकलं. ती म्हणाली, माहीत हाय. कसं माहीत, ते सांगितलं नाही.

देवीची ओटी भरून झाल्यावर मी गुरवाला हळूच म्हटलं, माझाही एक कौल लाव. पाकळ्या लागल्या. मी हात जोडून विचारलं, पुढच्या वेळी परक्या माणसाला फोन करण्यापेक्षा थेट मलाच करशील का?

पाकळ्या बराच वेळ हलल्या नाहीत. मग डावी पडली.

"तिला पण तुझा अनुभव हाय," आई म्हणाली.