पर्समध्ये न मावणारी बंदूक

दुकानदाराने मखमली डबीतून रिव्हॉल्व्हर काढलं, काचेवर ठेवलं आणि म्हणाला, "हे बघा मॅडम, खास लेडीजसाठी आहे. हलकं. पर्समध्ये सहज मावतं."

मी माझी पिशवी उचलून त्याच्या काचेवर ठेवली. तिच्यात गवार होती, पाण्याची बाटली होती आणि विहिरीच्या मोटारीचा जळालेला स्टार्टर होता. "ह्यात मावतंय का बघा," म्हटलं. तो हसला. मी हसले नाही.

बासष्ट वर्षांची बाई बंदुकीच्या दुकानात शिरली की लोक दोनच गोष्टी धरून चालतात. एक तर तिचा नवरा वारलाय आणि ती त्याची बंदूक जमा करायला आली आहे. नाहीतर तिला कुणाची तरी भीती वाटतेय. माझा नवरा वारलाय, हे खरं. पण तो शाळेत चित्रकला शिकवायचा, त्याने जन्मात बंदुकीला हात लावला नाही. बंदुकीला हात मी लावला. पोलिसांत होते आणि जवळजवळ सगळी नोकरी शस्त्रागारात काढली. बंदोबस्ताला निघालेल्यांना रायफली द्यायच्या, परत आल्या की तपासून घ्यायच्या, नळ्या पुसायच्या, लाकडी दस्त्यांना जवसाचं तेल चोळायचं. सुरुवातीला तिथले लोक मला 'स्टोअरवाल्या बाई' म्हणायचे. पुढे माझ्या हातून पास झाल्याशिवाय एकही रायफल घोडीवर, म्हणजे रायफली उभ्या ठेवायच्या लाकडी चौकटीत, लागत नसे, तेव्हा ते नाव आपोआप बंद पडलं.

निवृत्त झाल्यावर होटगीच्या बाजूला आमचं रान आहे, तिथं राहायला गेले. मका करते, भुईमूग करते. पेरणी मी करते आणि काढणी रानडुकरं करतात. म्हणून पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागितला. डुकराला मारायला वेगळी परवानगी लागते, ते मला कुणी शिकवायला नको. मला मारायचं नव्हतंच. बांधावर उभं राहून कळपाच्या डोक्यावरून छऱ्यांचा एक बार काढला की कळप ओढ्यापलीकडे जातो, तेवढं पुरे होतं. परवाना मिळाला. पण ठरलेल्या मुदतीत बंदूक घेतली नाही तर तो बाद होतो, आणि माझी मुदत संपत आली होती. पुन्हा अर्ज करायचा तर ह्या वयात मला कोण देणार होतं?

मुलगा पुण्याला असतो. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आई, फटाके वाजव ना."

"दोन वर्षं तेच केलं. आता डुकरं सुतळी बॉम्बच्या आवाजाला दिवाळी समजून मका खातच राहतात."

"ह्या वयात लोक असलेल्या बंदुका जमा करतात आणि तू नवी घ्यायला निघालीस!"

"नवी नाही घेणार. जुनी घेणार आहे."

त्याने कपाळाला हात लावला असणार. फोनवर ते ऐकू येत नाही, पण आईला कळतं. "मग हा निव्वळ नॉस्टॅल्जिया आहे," म्हणाला.

असेल! मग काय झालं? ह्याच मुलाने गेल्या वर्षी जुन्या ढंगाची मोटारसायकल घेतली, का तर तसला आवाज लहानपणी आमच्या गल्लीत यायचा. तिला लाथ मारता मारता घामाघूम होतो. तो छंद. आणि आईला लाकडी दस्त्याची बंदूक हवी म्हटलं की तिचं वय झालं. हे मी त्याला फोनवरच ऐकवलं. तो "बरं" म्हणाला. बरं म्हणजे पटलं असं नाही, हेही मला माहीत होतं.

दुकानात माझ्या चार-पाच फेऱ्या झाल्या आणि दर वेळी बाकावर बसून मी गिऱ्हाइकं बघत होते. तरण्या पोरांना रिव्हॉल्व्हर लागतं. ते हातात घेतात, आधी आरशात बघतात आणि मग किंमत विचारतात. म्हातारी माणसं आरशाकडे बघतसुद्धा नाहीत. एक निवृत्त फौजी आला होता, आता कुठंतरी पहारेकरी होता. दुकानदाराने त्याच्यापुढे तीन नव्या बंदुका मांडल्या. त्याने एकेक उचलून खांद्याला लावली, डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि तिन्ही खाली ठेवल्या. "ह्यातली एकही खांद्यावर बसत नाही," म्हणाला. दुकानदाराला वाटलं, म्हाताऱ्याला समजत नाही. मला मात्र तो काय करतोय ते बरोबर कळलं. डोळे मिटून खांद्याला लावायची आणि उघडल्यावर नळीच्या टोकावरची नेमाची माशी जिथं हवी तिथंच दिसली पाहिजे. वर्षानुवर्षं एक वजन पेलून पेलून शरीराने स्वतःचं माप काढलेलं असतं. त्याला आठवणी म्हणा, नाहीतर अनुभव म्हणा. माझ्या लेखी दोन्ही एकाच खांद्यात असतात.

माझंही माप ठरलेलं होतं. दुकानाच्या मागच्या भिंतीला लोकांनी जमा केलेल्या बंदुका असतात, त्यांत ती होती. बाराबोरची दुनळी. अक्रोडाचा दस्ता हाताने घासून काळसर झालेला. नळ्यांच्या मागे दोन घोडे उघड्यावर. नव्या बंदुकीत सगळा कारभार पोटात असतो. हिचे घोडे चढवले की चढवलेले दिसतात, उतरवले की उतरवलेले. बंदुकीने आपल्या मनातलं तोंडावर दाखवावं, अशा मताची मी आहे. माणसांकडून ती अपेक्षा कधीच सोडली.

"तिच्या नादी लागू नका," दुकानदार म्हणाला. "नातेपुत्याच्या एका म्हाताऱ्याची आहे. डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही त्याला धड दिसत नाही, म्हणून परवाना सोडतोय. बंदूक विकायचीय, पण गिऱ्हाईक स्वतः बघणार म्हणतो. दोघांना हाकललंय. एकाला फार्महाऊसच्या भिंतीवर टांगायची होती, दुसऱ्याला वरातीत मिरवायची होती. म्हणाला, त्यापेक्षा सरकारला देईन, तिथं वितळली तरी चालेल."

"त्यांना बोलवा," मी म्हटलं.

"तुमच्यासाठी?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्यासाठीच. परवाना माझ्या नावावर आहे."

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात म्हातारा एसटीने आला. धोतर, स्वच्छ टोपी, जाड भिंगांचा चष्मा. ऐंशीच्या घरातला. मी बाकावरून उठले. त्याने माझ्या मागे बघितलं, गिऱ्हाईक कुठं आहे ते शोधायला.

"मीच ती, आबा," म्हटलं.

"तुमी?" त्याने दुकानदाराकडे मान वळवली. "बाई हाय म्हनून बोलला न्हाईस."

"बाईला बंदूक चालत नाही का?" मला तिडीक आली होती, पण आवाज ताब्यात ठेवला.

"तसं न्हाय. रान कुटं हाय?"

"होटगीकडं. मका आणि भुईमूग."

"डुकरं?"

"लई."

त्याची मान हलली. हे उत्तर त्याला आवडलं असावं. मी पोलिसांत होते, शस्त्रागारात होते, हेही सांगितलं. त्याने भिंतीवरून दुनळी स्वतः काढली, खांद्यावरच्या पंच्याने पुसली आणि माझ्या हातात दिली. अर्धा जीव तिच्यातच अडकलेला, हे त्याच्या बोटांवरून कळत होतं.

पुढचं मी केलं असं म्हणता येणार नाही, माझ्या हातांनी केलं. बंदूक बिजागरीतून मोडून उघडली, दोन्ही नळ्या दाराच्या उजेडाकडे धरून आरपार बघितल्या. आरशासारख्या चकचकीत होत्या. मिटवली. कोपऱ्यात आग विझवायच्या वाळूची लाल बादली होती, तिच्याकडे तोंड केलं, उजवा घोडा चढवला आणि चाप ओढला.

खट्ट.

"अगं बाई!" म्हातारा ओरडला. असा ओरडला की रस्त्यावरचा रिक्षावाला डोकावला. "रिकाम्या नळीवर घोडा पाडलास? आतली पिन मोडंल की! उभ्या जल्मात मी हिचा घोडा रिकामा पडू दिला न्हाय!" त्याने बंदूक माझ्या हातातून काढून घेतली आणि छातीशी धरली. "न्हाय द्यायची मला. ह्यांना काय कळत न्हाय."

दुकानदाराने मान खाली घातली. पिन शाबूत होती, पण त्याचं काय? ती मोडू शकली असती, आणि जुन्या दुनळीला ते चालत नाही हे मला माहीत होतं. माहीत असूनही हात थांबले नाहीत. माफी मागावी, चार गोड शब्द बोलावेत, बंदूक मिळवावी, हे शहाणपण होतं. परवाना जाणार होता, मक्याला कणसं लागली होती. पण 'काय कळत न्हाय' हे शब्द मी नोकरीला लागल्यापासून ऐकत आले होते आणि निवृत्तीनंतरही ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

"आबा, पिनेची चूक झाली, कबूल," मी म्हटलं. "पण चाप ओढला ह्याची माफी मागणार नाही. आमच्याकडं परत आलेली प्रत्येक रायफल उघडून बघायची आणि मग वाळूत तोंड करून चाप ओढायचा, तेव्हाच ती रिकामी. एकदा एक जवान शपथेवर सांगत होता, बाई, मी बघितलंय, काही नाही. मीही वरवर बघितलं होतं, मलाही काही दिसलं नव्हतं. तरी म्हटलं, ओढ. ओढला आणि बार झाला. गोळी वाळूत गेली. वाळू नसती तर माझ्या समोरच्या माणसात गेली असती."

"ती रायफल. दुनळी मोडली की समदं समोर दिसतंय," तो म्हणाला. "आंदळ्याला बी दिसंल."

"दिसतंय म्हणणाऱ्यांच्याच बंदुका तपासण्यात माझी नोकरी गेली. तुमचा नियम बंदूक वाचवतो. माझा नियम माणूस वाचवतो. बंदूक द्या, नाहीतर सरकारात वितळवा, पण माझ्या हाताला ही सवय आहे आणि ती मरेपर्यंत राहणार. उद्यापासून नळीत रिकामी काडतुसं घालून ओढीन, पिनेला काही होणार नाही. पण ओढीन."

बोलून झालं. आता ही जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला ती बंदूक किती हवी होती हे तोवर माझं मलाच माहीत नव्हतं.

म्हाताऱ्याने छातीशी धरलेली बंदूक खाली घेतली. मग त्याने दुनळी मोडली आणि मी धरली होती तशीच दाराच्या उजेडाकडे धरली. चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. नळ्या चेहऱ्याजवळ आणल्या, लांब नेल्या. दुकानदार आणि मी बघत होतो आणि आम्हाला दोघांनाही कळलं की त्याला काहीच दिसत नाहीये. त्यालाही कळलं की आम्हाला कळलंय. त्याने एक बोट आधी एका नळीत घातलं, मग दुसऱ्या नळीत, आणि बंदूक मिटवली.

मग तो बादलीकडे वळला. अंगठ्याने एक घोडा चढवला, दुसरा चढवला. दुकानदार "आबा, अहो" म्हणेपर्यंत त्याने एकामागून एक दोन्ही चाप ओढले.

दोन्ही खट्ट वाजले. त्याचे खांदे दोन्ही वेळा दचकले.

"रिकामी हाय," बंदूक माझ्यापुढे धरून तो म्हणाला. "बगून न्हाय, वाजवून सांगतोय. घ्या."