सहाव्या दिवसाची मुलाखत

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडूनच बसलो होतो. त्याच्या मुलीचं, ऋतुजाचं, अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एका सेमिस्टरपुरतं शिकायला जायचं ठरलं होतं आणि मुंबईच्या व्हिसाच्या मुलाखतीला लागणाऱ्या कागदांची यादी त्यानं मला तिसऱ्यांदा लिहून काढायला लावली होती. यादी पुढ्यात, पेन हातात, आणि फोनवर मंदावहिनी... "भाऊजी, लवकर या. हे उठून नाई राहिले." एवढंच बोलल्या. अमरावतीहून अकोल्याला जायला एस.टी.नं अडीच तास लागतात. मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडतच होतो, की लेका, नुसता झोपलेला असशील तर बघ. पोचलो तेव्हा अंगणात चपलांचा ढीग पडला होता.

दिनकर अकोल्याच्या एस.टी. स्थानकावर वाहतूक नियंत्रक होता, म्हणजे गाड्या लावणारा, सोडणारा आणि कर्ण्यावरून गावांची नावं घेणारा माणूस. अमरावतीला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. पुढे मी मराठीचा मास्तर झालो आणि जन्मभर बोलत राहिलो. तो स्थानकावर लागला आणि जन्मभर वेळा पाळत राहिला. शाळेचं गॅदरिंग असो, कुणाचा सत्कार असो की शोकसभा, माइक माझ्याकडेच यायचा. दिनकर सभेला असलाच तर मागच्या रांगेत बसून मला मनगटावरचं घड्याळ दाखवायचा. त्यामुळे माझी किती भाषणं वेळेत संपली याचा हिशेब नाही, आणि त्याबद्दल मी त्याचे आभार कधी मानले नाहीत.

त्याची कामाची एक पद्धत होती. गाडी सुटणार कधी हे तो आधी बघतच नसे. पोचायला कधी हवी ते धरायचा आणि तिथून मागे मागे यायचा. ऋतुजाची निवड झाली तेव्हाही त्यानं तेच केलं. ती अमरावतीला वसतिगृहात राहून टेक्स्टाइलचं शिकते, कागदोपत्री तिचा स्थानिक पालक मी. तेव्हा दिनकर आपल्या सुट्टीच्या दिवशी अकोल्याहून यायचा आणि माझ्या व्हरांड्यात मोठा कागद पसरून बसायचा. कागदाच्या तळाशी पहिली ओळ लिहिली होती, 'जानेवारी, तिकडच्या वर्गात बसणे.' त्याच्यावर तिथली राहायची खोली, त्याच्यावर विमान, मग व्हिसा, मग तिकडून येणारा फॉर्म, मग आपल्या कॉलेजची परवानगी, असं चढत चढत सगळ्यात वर, 'आज, पासपोर्टचा फोटो.' मधल्या विमानतळावर दुसरं विमान चुकलं तर त्यानंतरचं कोणतं, हेही कोपऱ्यात लिहिलेलं होतं. मी हसलो की म्हणायचा, "हास लेका. चुकलेल्या प्याशिंजराची शिवी तुले कुठी खावी लागते?"

तिकडे शिकलेले विषय इकडे धरले जावेत म्हणून दोन्हीकडचे अभ्यासक्रम जुळवून विभागप्रमुखांची सही घ्यायची होती. दिनकरला सूतकताईतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी दोन्ही अभ्यासक्रम मांडीवर घेऊन तो पेन्सिलीनं रेघा ओढत बसला. "हे पाह्य, तिकडचा हा एक विषय आपल्याकडे अर्धा तिसऱ्या सेमिस्टरले हाये अन् अर्धा पाचव्याले. मंग पोरीनं मधात गाडी कुठी बदलाची?" विभागप्रमुखांना नेमका तोच प्रश्न पडला होता, हे नंतर कळलं. माझं योगदान म्हणजे 'मला तुमच्या विद्यापीठात का यायचं आहे' हा निबंध. मी तीन पानं लिहून दिली, दोन संस्कृतींचा संगम वगैरे. ऋतुजा वाचून म्हणाली, "काका, भाषा लई छान आहे," आणि तिनं स्वतःचा एका पानाचा पाठवला. अकोटच्या जिनिंगमध्ये एकाच ढिगातल्या कापसाचा तंतू कमी-जास्त लांब का निघतो आणि ते तपासायची यंत्रं तिला का शिकायची आहेत, एवढंच त्यात होतं. मी दोन दिवस फुगून बसलो. निवड त्या एका पानावर झाली, हे कबूल करायला मला आणखी आठवडा लागला.

आमची शेवटची भेट तो जाण्याच्या पंधरा दिवस आधीची. मुलाखतीची तारीख हातात आली होती, डिसेंबरातली. मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो होतो. गाडी लागलेली असूनही तो चढेना. त्याला आदल्या वर्षी हृदयाचा एक हलका झटका येऊन गेला होता, पण त्याबद्दल बोललेलं त्याला खपत नसे. त्या दिवशी तोच बोलला. "माह्यं काही झालं त पोरीची मुलाखत चुकू देऊ नको. अण्णा आडवा येईन. मंदा त्याच्यापुढे बोलत नाई अन् पोरीचं थो आयकनार नाई. तू बोलजो. तुह्यं आयकते थो." अण्णा म्हणजे त्याचे थोरले भाऊ, दर्यापूरकडे गावी शेती करणारे, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. मी म्हटलं, काय अभद्र बोलतो बे. तो म्हणाला, "तू निरा हो म्हन." मी हो म्हटलं. मग तो चढला आणि खिडकीतून मला घड्याळ दाखवलं, म्हणजे आता घरी जा.

आता स्मशानातलं सांगतो, कारण तिथं मी बोललो. दिनकरला मुलगा नाही. मडकं पुतण्याच्या, अण्णांच्या मुलाच्या, खांद्यावर जाणार असं सगळे धरूनच चालले होते. मी मोझरीच्या आश्रमातल्या सुधारकी वाऱ्यावर वाढलेला माणूस. असल्या वेळी माझ्या अंगात येतं. मी पुढे झालो आणि म्हणालो, दिनकरनं मुलगी मुलासारखी वाढवली, अग्नी तिनंच द्यायचा, मुलगा-मुलगी असा भेद आता कशाला? चांगली पाच-सात मिनिटं बोललो असेन. लोक गलबलले. अण्णांनी पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दे माय तू." ऋतुजानं फेरे घेतले, अग्नी दिला. परतताना दोघा-तिघांनी माझा हात हातात घेऊन, मास्तर, फार मोठं काम केलं, असं सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मित्र जळत होता आणि मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर बैठकीत सगळे बसले होते. ऋतुजा दाराशी उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "मोठेबाबा, माही मुलाखत सहाव्या दिवशी आहे. पाचव्याच्या संध्याकाळी गाडीत बसली तर सातव्याले सकाळी घरी येते." अण्णांनी तिच्यावर आवाज चढवला नाही, उलट तिला जवळ बसवलं. पण ज्यानं अग्नी दिला त्यानं दहाव्यापर्यंत गावची शीव ओलांडायची नाही, हा त्यांच्या घरचा नियम होता. "दुसऱ्या कोनी देल्ला असता त मी सोता तुले ठेसनावर सोडलं असतं माय," ते म्हणाले. "पन अग्नी तू देल्ला. त्याचा आत्मा तुह्या हातात हाये." मग माझ्याकडे वळले. "काहो मास्तर, पोरगा-पोरगी एकच, तुमीच म्हनलं ना? मंग पोरगा असता त गेला असता का?"

माझ्याकडे उत्तर होतं. दिनकरनं मला काय सांगितलं होतं ते जसंच्या तसं सांगायचं होतं, बस. त्याचा शब्द अण्णांनी मोडला नसता, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण स्मशानात मी एवढं बोललो होतो, माझंच वाक्य माझ्यापुढे आणून ठेवलेलं, खोलीत पंधरा माणसं, आणि ज्यांनी माझा हात हातात घेतला होता तेही तिथंच... मला वाटलं, आत्ता नको, संध्याकाळी अण्णांना एकटं गाठू. संध्याकाळी त्यांना ताप भरला. चौथ्या दिवशी गावाकडची माणसं आली. पाचव्याला मी अमरावतीला होतो. काय काम काढून गेलो होतो ते आता आठवत नाही. मी पळालो होतो.

दहाव्यानंतर आम्ही धडपड केली. नव्या तारखा मिळत होत्या त्या सेमिस्टर सुरू झाल्यानंतरच्या. तातडीची मागून पाहिली, मिळाली नाही. कॉलेजातल्या बाईंनी तिकडे लिहिलं. त्यांचं फार सभ्य उत्तर आलं, दुःखात सहभागी आहोत, या सेमिस्टरची जागा मात्र राखून ठेवता येणार नाही. पुढच्या वर्षी ऋतुजा शेवटच्या वर्षात जाईल आणि शेवटच्या वर्षाला कॉलेज कुणाला पाठवत नाही. म्हणजे विषय संपला. लोक म्हणतात, आहे हुशार, पुढे जाईल. जाईलही. पण ज्या जाण्याची आखणी तिच्या बापानं तळापासून वर चढत केली होती ते जाणं गेलं, आणि ते माझ्या तोंडाशी येऊन गेलं.

या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. सांगितल्याशिवाय मला घास गोड लागेना, म्हणून गेल्या रविवारी अकोल्याला गेलो. रात्री आठ वाजता आम्ही तिघं जेवून बसलो होतो, तेवढ्यात आत दिनकरचा मोबाइल वाजला. मी दचकलो. मंदावहिनी तो घेऊन बाहेर आल्या. त्या रोज तो चार्ज करतात. पडद्यावर त्याच्या बोटांनी लिहिलेलं होतं, 'ऋतूला फोन. तिकडे सकाळचे साडेआठ.' ती गेल्यावर दर रविवारी वाजावं म्हणून त्यानं हे रिमाइंडर आधीच लावून ठेवलं होतं. जानेवारीपासून दर रविवारी वाजतं. "बंद नका करू म्हनते मी," वहिनी म्हणाल्या. "मेमधी आपोआपच बंद होईन. तवा तिचं सेमिस्टर संपते."

मग मला राहवलं नाही. स्टँडवर दिनकर काय बोलला होता, मी हो कसं म्हटलं, सगळं सांगून टाकलं. ऋतुजा रडली नाही, रागावलीही नाही. फोन मांडीवर घेऊन बसली होती.

"मले माहीत होतं, काका," ती म्हणाली. "बाबांनी घरी आल्यावर सांगितलं होतं. म्हणाले, अण्णा नाही म्हणाला त तू भांडू नको, काका बोलतीन."

मी विचारलं, "मग तू काहून नाही बोललीस?"

"मोठेबाबांनी तुमाले विचारलं तवा मी तुमच्या तोंडाकडे पाहून राहिली होती. तुमी चहा पिऊन राहिले होते."