विहिरीपाशी राहिलेला पाय

"हे फँटम लिंब पेन आहे," घाटकोपरच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. मला काडीचं कळलं नाही. मग त्यांनी समजावलं: पाय कापला तरी मेंदूला तो अजून आहे असंच वाटतं, म्हणून नसलेला पाय दुखतो, खाजतो. नाटक नाही, वेडही नाही. मी तिथेच रडले, कारण दोन महिने मी नवऱ्यावर नाटकाचाच संशय घेत होते.

१९८८ साल होतं. हे सैन्यात, भूसुरुंग काढणाऱ्या तुकडीत. श्रीलंकेतल्या एका गावातली लढाई संपली होती, पण विहिरीची वाट सुरुंगांनी भरलेली. यांनी पोटावर सरपटत, सळईने माती टोचत ती मोकळी केली, दोन्ही कडांना पांढरी फीत लावली. बायका घागरी घेऊन उभ्या, पण पाऊल टाकेनात. वाट साफ करणाऱ्याने आधी स्वतः चालून दाखवायचं, हा यांचा नियम. हे चालले. विहिरीपाशी एक सुरुंग राहिला होता. बायका नंतर पाण्याला गेल्या की नाही, हे यांना कधी कळलंच नाही.

लष्करी इस्पितळातून विक्रोळीच्या चाळीत आले. दुपारी दुखण्याच्या गोळीच्या गुंगीत मालवणीत बोलायचे, "पाय थंयच उभो आसा गो, विहिरीकडे." भिंतीवर माडांच्या सावल्या हलताना दिसायच्या त्यांना. आणि खरं सांगते, ऐकता ऐकता मलाही घागर बुडल्याचा आवाज यायचा.

नकली पाय बसला. वॉर्डाच्या फरशीवर झकास चालले. हॉस्पिटलच्या आवारात मातीवर आले आणि घामाने डबडबून खिळले. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "वहिनी, चालले नाहीत तर मांडीचे स्नायू जातील. मग कायमचे खाटेवर."

माझा स्वभाव तापट. मी नाड्याचं अख्खं बंडल आणलं. चाळीपुढच्या मोकळ्या जागेत, दारापासून नळापर्यंत, दोन पांढऱ्या रेघा अंथरून वर दगड ठेवले. मग कडेकडेने वळसा घालून नळाशी गेले आणि हाका मारल्या. "या ना आता! किती वाट बघायची?"

हे जाम हलेनात. उलट ओरडले, "खुळी काय गो तू? जो आखता, तेनां आधी चलाक होया!"

आखणाऱ्याने आधी चालायचं, यांचाच तो नियम. मी परत आले. चपला काढल्या आणि रेघांच्या मधून चालले, प्रत्येक पाऊल दाबून. आमच्या दारातली माती, तिच्यात काय असणार? तरी छाती धडधडत होती. वळून पाहिलं तर यांचे डोळे घट्ट मिटलेले. त्या विहिरीच्या वाटेवर यांना काय वाटलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

नळाशी पोचून मी तोटी सोडली. पाण्याचा आवाज आला तसे यांनी डोळे उघडले. आणि निघाले, माझ्या पावलांवर पाऊल ठेवत, सावकाश.

तुमच्या घरात कुणी नसलेला पाय दुखतो म्हणालं, तर आधी विश्वास ठेवा. मला तेवढं सांगणाऱ्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

पाय अजून खाजतो कधीतरी. आता हे घाबरत नाहीत. डोळे मिटून हसतात, विहिरीवर बायका आलेल्या दिसाव्यात तसे, आणि म्हणतात, "बायलमाणसां पाण्याक इली, वाटता."