काकूंचं राहिलेलं आमेन

रूथकाकूंच्या मुलाचं उद्या हृदयाचं ऑपरेशन, म्हणून संध्याकाळी आम्ही शेजारची मंडळी त्यांच्याकडे प्रार्थनेला जमलो होतो. शेवटी चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." आम्ही सगळ्यांनी एका सुरात "आमेन" म्हटलं. माझे डोळे जरा आधीच उघडले होते. काकूंचे ओठ घट्ट मिटलेले होते.

चहा देताना त्या पाळकसाहेबांना हळूच म्हणाल्या, "रागावू नका. प्रभूची इच्छा माझ्यासारखीच आहे ना, एवढं कळलं की आमेन म्हणते."

पाळकसाहेबांनी त्यांच्या हातून कप घेतला.

घरी येताना मला माझंच आमेन टोचत होतं. किती पटकन निघालं होतं ते! रोज सकाळी मीही म्हणते, प्रभू, तूच वाट दाखव. पण वाट मी आधीच ठरवलेली असते. त्याने फक्त होकार द्यायचा. काकू निदान त्याच्याशी खोटं बोलल्या नाहीत.

रात्री जेवणाआधी माझ्या लेकीने काकूंच्या मुलासाठी प्रार्थना केली आणि शेवटी पाळकसाहेबांचं तेच वाक्य म्हटलं, "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." मी तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत राहिले.

"आई," ती डोळे न उघडताच म्हणाली, "आमेन म्हण ना."