सल्ला देणाऱ्यांची पायरी

दीड महिन्यापूर्वी महादेवीचा फोन आला आणि ती काही बोललीच नाही, तेव्हाच मला कळलं. महादेवी अक्कलकोटची, कानडी वळणाचं मराठी बोलणारी माझी एमेस्सीची मैत्रीण. ती गप्प बसली तर अक्कलकोटच्या स्टँडवर गाड्या जागच्या जागी उभ्या राहतील. मी पंढरपूरच्या कॉलेजात वर्गावर होतो. खडू हातात, साठ पोरं समोर. शेवटी ती म्हणाली, “मॅडम सकाळी गेल्या रे.” आमच्या घरी माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायची पद्धत आहे. पण इथं लिहितोय त्यातलं निदान पाऊण तरी धरा. कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय, त्यांनीच मला खरं बोलायला लावलं.

अनसूया गड्डम. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरातल्या, घरी तेलुगू, बाहेर मराठी. कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. खाली भावाचे माग आणि वर मॅडमची खोली. रविवारी माग थांबायचे आणि आम्ही सुरू व्हायचो. विद्यापीठातल्या पोरांसाठी त्या ‘ग्रुप कोचिंग’ घ्यायच्या. आता सोलापुरात कोचिंग म्हटलं की दारावर पहिल्या आलेल्यांचे फोटो आणि आत झेरॉक्स नोट्स. मी तेच समजून दोनशे पानी वही, तीन पेनं आणि फूटपट्टी घेऊन गेलो. दोन रविवार वही उघडून बसलो, अभ्यासक्रम कधी सुरू होतोय म्हणून. तिसऱ्या रविवारी लक्षात आलं की अभ्यासक्रम कधीच सुरू झालाय आणि आज त्यातला धडा मी आहे.

पद्धत अशी. आठ खुर्च्या गोल मांडायच्या. एकानं आपलं अडलेलं सांगायचं, बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही. दिला की उठायचं आणि बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर पाच मिनिटं बसून यायचं. हा नियम दुसऱ्या एखाद्या गावात चाललाही असता. सोलापुरात पत्ता विचारला तर माणूस पत्ता सांगून वर जावयाला नोकरी कुठं लावावी तेही सांगतो. पहिल्या रविवारी तर, आईशप्पथ, सहाही जण जिन्यावर आणि आत फक्त मॅडम आणि ज्याची अडचण होती तो! जिना पुरेना म्हणून दोघं रस्त्यावर उभे होते. बरं, मॅडम स्वतःलाही सोडायच्या नाहीत. एकदा आमच्यातल्या इरफानला म्हणाल्या, “जरा वेळेवर जेवत जा.” मग स्वतःच कपाळावर हात मारला, “अय्यो,” म्हणाल्या आणि गुडघे धरत पायरीवर जाऊन बसल्या.

माझी अडचण डोंगराएवढी होती आणि मी ती हसण्यावारी नेत होतो. पहिल्या वर्षाचे दोन पेपर राहिले होते. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या माझ्या आण्णांना मात्र मी सांगून बसलो होतो की विद्यापीठात पहिला आलोय. नुसता पहिला नाही, कुलगुरूंनी उठून खुर्ची दिली, इथपर्यंत. आण्णांनी ते वाडीभर केलं. वाडीनं सत्कार ठरवला, हलगी सांगितली. वीस दिवस उरले होते. मी तास बुडवायला लागलो होतो. सत्काराच्या आदल्या दिवशी पुण्याची गाडी धरायची, एखाद्या गोदामात चिकटायचं, शिक्षण सोडायचं आणि आण्णांना तोंड दाखवायचं नाही, हे मनात पक्कं होतं. कपडेही बांधले होते.

हे सगळं मी खोलीत रंगवून सांगितलं. हसतील असं वाटलं होतं... कुणी हसलं नाही. इरफान म्हणाला, “सिम फेक दे ना, बाप फोन कैसा करेगा?” मॅडमनी नुसतं दाराकडं पाहिलं. तो गेला पायरीवर. मग महादेवीनं विचारलं, आण्णांना नेमकं काय लागेल, नापास झालास ते की खोटं बोललास ते? दुसऱ्यानं विचारलं, पुण्यात गेल्यावर पहिल्या दिवाळीला काय सांगणार? मग आणखी एक प्रश्न, आणखी एक. माझ्याकडं थापांचा एवढा साठा, पण त्या गोलात एकही चालेना. समोर नुसतं कुतूहल असलं की थापेला पाय रोवायला जागाच मिळत नाही. मधेच महादेवी खाली बघत म्हणाली, “माझेपण दोन राहिलेत. मी घरी तीन सांगितलेत, म्हणजे निकालाच्या दिवशी एक आपोआप सुटेल.” तेव्हा मात्र सगळे हसले. सबंध विद्यापीठात आपण एकटेच खोटं नाणं आहोत असं मी वर्षभर समजत होतो. इथं तर अख्खी टांकसाळ बसली होती.

मॅडमनी शेवटी एवढंच विचारलं, “मग काय करतोस?” फोन करतो म्हणालो. “कधी?” बघू म्हणालो. “कधी?” ... तसाच उठून बाहेर गेलो. पायरीवर इरफान दुसऱ्यांदा शिक्षा भोगत होता, तो सरकून बसला. आण्णांना फोन लावला, पलीकडं मेंढरांचा आवाज येत होता.

“आण्णा, मी पयला आलो न्हाय. दोन पेपर राह्यल्यात.”

आण्णांनी आधी कुठल्याशा मेंढराला हाक घातली.

“फेट्याचं कापड आनलंय,” आण्णा म्हणाले. मग म्हणाले, “ऱ्हाऊ दे पेटीत. कापड काय मेंढरागत म्हातारं हुतंय? पेपर निघतील तवा बांधू.” आणि फोन ठेवायच्या आधी, “मेंढरू लंगडायला लागलं तर मी लांबनं वळखतो. तू लई दिस लंगडत हुतास की. जेवलास का?”

इरफान म्हणतो मी रडलो. तो अतिशयोक्ती करतो.

नंतरचं सरळ आहे. दर रविवारी पुढच्या आठवड्यात काय करणार ते सगळ्यांसमोर बोलायचं आणि पुढच्या रविवारी झालं की नाही तेही बोलायचं. महादेवी आणि मी एकमेकांची गणितं तपासत बसायचो. पुढच्या खेपेला चारही पेपर निघाले. फेटा बांधला, हलगीवाला तोच होता. एकदा मी मॅडमना विचारलं, एकेकट्याला बोलावलं असतं तर लवकर नसतं का उरकलं? त्या म्हणाल्या, “मग तू माझं ऐकलं असतंस. त्याचा काय उपयोग?”

शेवटची भेट त्यांच्या आजारपणातली. महादेवी आणि मी गेलो ते हैदराबादच्या एका डॉक्टरची थोरवी गातच. मी तर तो डॉक्टर मेलेली माणसं उठवतो इथवर पोचलो होतो. पलंगावरून मॅडमनी हात उचलला आणि दाराकडं दाखवला. आम्ही दोघं, कामाधंद्याला लागलेली माणसं, गुपचूप पायरीवर जाऊन बसलो. पाच मिनिटांनी आत आलो तेव्हा महादेवीनं नीट विचारलं, “मॅडम, कसं वाटतंय तुम्हाला?”

“भीती वाटते,” त्या म्हणाल्या. “कधीची सांगणार होते. तुमच्या डॉक्टरनं बोलूच दिलं नाही.”

मग संध्याकाळ होईपर्यंत त्याच बोलत होत्या... लहानपणाचं, मागांचं, आईचं. निघताना चेहरा बराच निवळला होता.

त्या गेल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही जुने सगळे जमलो. भावानं खोली उघडून दिली होती. मॅडमची खुर्ची रिकामी ठेवायची, तिला हार घालायचा, असं ठरलं. आणि घोटाळा झाला. कुठली खुर्ची? मी म्हणालो खिडकीजवळची. महादेवी म्हणाली, छे, दाराकडची. इरफान तर तिसऱ्याच खुर्चीवर हात ठेवून उभा. तेव्हा कळलं, बाई दर रविवारी जागा बदलत होत्या आणि आमच्यापैकी एकालाही ते इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. हार हातात घेऊन आम्ही भांडत असताना एक नवी मुलगी दारात आली. फार्मसीच्या पहिल्या वर्षाची, मोडनिंबची. मॅडम गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. “हितं कोन बसलंय का?” म्हणाली आणि जवळची खुर्ची ओढून बसली. आम्हीही बसलो. हार खिडकीच्या गजाला अडकवला.

“माझं तसं काय न्हाय,” ती हसत म्हणाली. “सगळं मस्त चाललंय. घरीबी तेच सांगितलंय.”

माझ्या जिभेवर सल्ला अगदी पिकून आला होता. इरफाननं ओठ दाताखाली धरला होता. महादेवीनं विचारलं, “घरी कुणाला सांगितलंस?”

पोरीचं हसू हळूहळू उतरलं. तिनं खुर्ची थोडी पुढं घेतली.