मज्जातंतू आणि मांडे

फिजिओथेरपीत माणसाचे हात-पाय माझ्या ताब्यात असतात, तोंड मात्र मोकळं! त्यामुळे डिंडोलीतल्या माझ्या क्लिनिकमध्ये व्यायाम होतो थोडा आणि किस्से जमतात ढीगभर. त्यातले निम्मे एकट्या विमलताईंचे.

ताई धुळ्याकडच्या, यजमान भास्करभाऊ कापडाच्या लूमवर कामाला. ताईंना मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. हात बधिर, पाय लटपटते. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "चालण्याचं नंतर बघू. आखाजीला मला मांडे करता आले पाहिजेत!"

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आणि मांडा म्हणजे पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत पार कोपरापर्यंत पसरवायचा, मग तापल्या खापरावर अलगद टाकायचा. धडधाकट बायकांनाही धडकी भरते.

*

मी ताईंच्या गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय असा उडाला की माझा चष्मा थोडक्यात वाचला! भास्करभाऊ बघतच राहिले.

मी सांगितलं, "याचा निकाल पाठीच्या कण्यातली मज्जारज्जूच परस्पर लावते. मेंदूला नंतर कळतं. त्याचा लगाम ढिला पडलाय, म्हणून एवढा उडाला."

भाऊ म्हणाले, "आमच्या घरातही असंच आहे. मला नंतरच कळतं!"

*

ताईंच्या सासूबाईंना आजार समजावणं माझ्याकडे आलं. म्हटलं, "मज्जातंतू म्हणजे वायर. तिच्यावर मायलिनचं कव्हर असतं. शरीराचे पहारेकरी चुकून तेच कुरतडतात, मग मेंदूचा निरोप हातापर्यंत नीट पोचत नाही."

"म्हंजे घरना वॉचमनच चोर शे का?"

"तसंच समजा."

"मंग त्याले काढी टाका ना!"

"काढला तर बाहेरचे चोर शिरतील, आजी. औषध देऊन त्याला शांत ठेवायचं."

सासूबाईंना पटलं. तेव्हापासून गोळीची वेळ झाली की त्या ओरडतात, "वॉचमनले गोई दे वं!"

*

कुणीतरी सांगितलं, कढत पाण्यानं नस मोकळी होते. हे 'कुणीतरी' मला एकदा भेटायलाच हवेत! ताई अंघोळीला चालत गेल्या आणि बाहेर आल्या त्या भाऊंच्या आधारानं. डोळ्यांपुढे धुकं, पायांत जीव नाही. घरात रडारड.

मी फोनवर म्हटलं, "पंखा लावा, ओला टॉवेल गुंडाळा. कव्हर गेलेल्या वायरला उष्णता सोसत नाही. अंग गार झालं की फरक पडेल. नाही पडला तर डॉक्टरांकडे न्या."

थोड्या वेळानं ताईंचाच फोन. "डोळे साफ झाले! पहिली शेजारीणच दिसली. तिनंच सांगितलं होतं कढत पाण्याचं. आता तिच्याकडे बघतेच!"

*

मग आखाजी आली. मीही ताईंच्या घरी हजर. इतके महिने आम्ही कणकेवर सराव केला होता. हातांना कळत नाही, तर डोळ्यांनी बघून करायचं, एवढंच धोरण. ताई पहाटेच्या गारव्यात स्टुलावर बसल्या, मानेवर ओला टॉवेल. चूल भाऊंकडे. सासूबाई समोर बसलेल्या. सून आजारी पडल्यापासून त्यांनी तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली नव्हती. करपलेली भाकरीसुद्धा गोड मानून खाल्ली होती.

पहिला मांडा हातावरच फाटला. दुसरा अर्धा खापरावर, अर्धा चुलीत. मी ताईंच्या मानेवरचा टॉवेल पुन्हा भिजवून दिला.

तिसरा ताईंच्या कोपरापर्यंत पसरला, थरथरला आणि अख्खाच्या अख्खा खापरावर पडला!

सासूबाईंनी पहिला घास घेतला. सावकाश चावला.

"पुरन कमी पडनं वं!"

विमलताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसत हसत त्यांनी पुढचा उंडा उचलला.