खाप्यापर्यंत एक बाटली

सत्तरच्या दशकात मी धरमपेठेतल्या आमच्या अंगणात स्कूटरचं इंजिन सुधारत बसायचो. इंजिनाच्या हेडची आतली पोकळी नव्याने घडवली, कार्बुरेटरला पेट्रोल कमी सोडणारा बारीक जेट बसवला आणि सासऱ्यांना सांगून मोकळा झालो की, एका लिटर पेट्रोलमध्ये आम्ही दोघं नवरा-बायको तुमच्या खाप्याला येऊन दाखवतो! तीनदा हरलो. सासरे दारातच विचारायचे, "काय जावईबुवा, आज कुठून ढकलत आणली?"

चौथ्या रविवारी टाकी रिकामी केली, हँडलला लिटरभर पेट्रोलची बाटली टांगून नळीने कार्बुरेटरला जोडली, बायकोला मागे बसवलं आणि निघालो. सासऱ्यांच्या फाटकात शिरलो आणि तिथेच इंजिनाने प्राण सोडला. मी दोन्ही हात उंचावून विजयी मुद्रेने उभा! टाळ्या वाजवायला मात्र बायको नव्हती. ती थेट चुलीपाशी जाऊन भाकरी खात होती.

"काहून वं, एवढी भुकेली?" सासूबाईंनी विचारलं.

"कालपासून जेवली नाही मी. वजन कमी तर पेट्रोल कमी, हेच सांगून राहिले होते न हे!"

एका उपासाने इंजिनाला काडीचा फरक पडत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते बोलवेना.

पुढच्या रविवारी मी स्वतः वाढून तिला पोटभर जेवू घातलं, मगच निघालो. स्कूटर खाप्याच्या वेशीवर बंद पडली. वारा समोरून होता, हे मी ढकलता ढकलता तिला परोपरीने समजावत होतो.

"वारा नाही, तीन पोळ्या," ती म्हणाली. इंजिन तिनेच घडवल्यासारखी ऐटीत शेजारून चालत होती.

तीन पोळ्याच, असं मी कबूल करून टाकलं.